मुलं आजोळी, आपण दोघं पाण्यावर: हनुवंतिया, भोपाळ, महेश्वर की उदयपूर?

मे महिन्यात मुलं पुण्या-नागपूरला आजोळी गेली की इंदूरच्या आपल्या मराठी घरांतून एक बेत हमखास निघतो: दोघंच कुठेतरी पाण्यावर जाऊ. डोळ्यांसमोर असतं ते मोबाइलवर पाहिलेलं चित्र. नवरा-बायको स्वतःची बोट घेऊन निघालेत, या बंदरात जेवले, त्या बंदरात मुक्काम केला. आपल्याकडे तशी बोट हातात कुणी देत नाही. तिकीट काढायचं, लाइफ जॅकेट चढवायचं, नावाडी फिरवून आणतो आणि जिथून चढलो तिथेच उतरवतो. म्हणून ठिकाण ठरवताना मी दोनच गोष्टी बघते. पलीकडच्या काठावर उतरून काही करता येतं का? आणि दुपारी बारा ते पाच कुठे काढायची? तलाव किती मोठा, हा प्रश्न त्यानंतरचा.

सगळ्यांच्या तोंडी पहिलं नाव हनुवंतियाचं. खंडवा जिल्ह्यात, इंदिरा सागर धरणाच्या पाण्याकाठी, इथून साधारण दीडशे किलोमीटर. या जलाशयाची साठवण 12.22 अब्ज घनमीटर, देशात सर्वांत मोठी. पूर्ण भरला की पसारा 900 चौरस किलोमीटरच्या वर जातो. पर्यटन महामंडळाचं रिसॉर्ट अगदी काठावर आहे आणि थंडीत जल महोत्सव भरतो तेव्हाचे फोटो खरोखर समुद्राचे वाटतात.

पण ते फोटो थंडीतले आहेत, हे तिकीट काढताना विसरायला होतं. धरणाची पूर्ण पातळी 262.13 मीटर आणि वापरायची किमान पातळी 243.23. म्हणजे वीज आणि सिंचनासाठी पाणी सोडत सोडत उभ्या मापाने एकोणीस मीटरपर्यंत उतरायची सोय त्यात धरलेलीच आहे. उतार सौम्य असेल तिथे उभं एक मीटर पाणी उतरलं की काठ आडवा कितीतरी मागे सरकतो. मेमध्ये खोलीच्या गच्चीतून पाण्याआधी मातीचा भुरकट पट्टा दिसला तर नवल नाही. शिवाय हे निमाड आहे. मालव्याची गार रात्र घाटाच्या वरच राहते. दुपारनंतर वारा सुटला की एवढ्या उघड्या पाण्यावर लाटाही चांगल्या उठतात आणि फेरी रद्द होऊ शकते.

माझी मोठी तक्रार मात्र वेगळी आहे: पाणी अफाट, पण जायला कुठे नाही. बेटं दिसतात, पण ज्याला घाट म्हणावा, बाजार म्हणावा, असा दुसरा काठ नाही. असणार तरी कसा? जवळपास अडीचशे गावं या पाण्याने बाधित झाली आणि हरसूदसारखं नांदतं शहर 2004 मध्ये त्याखाली गेलं. काठावरची गावं होती ती बुडाली, नवी वसली ती लांब. ज्या जोडप्याला निवांत बसायचं आहे, पुस्तक वाचायचं आहे, संध्याकाळी एक फेरी मारून झोपायचं आहे, त्यांच्यासाठी हनुवंतिया उत्तम, पण ऑक्टोबरनंतर. तेव्हाही कोणत्या बोटी चालू आहेत ते रिसॉर्टला फोन करून विचारूनच निघा.

भोपाळ सगळ्यांत सोपं. नागपूरला जाणारी पहाटेची वंदे भारत पकडली की नाश्त्याच्या वेळेला तिथे. मोठा तलाव राजा भोजाच्या काळातला, अकराव्या शतकातला, आणि लहान तलावासकट 2002 पासून रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत. याच पाण्यावर शहराची तहान भागते, म्हणून 2023 मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने क्रूझ आणि डिझेलच्या मोटारबोटींना मनाई केली. जुन्या आठवणी काढून ‘क्रूझवर जेवू’ असं कुणी सुचवलं तर तो बेत सोडून द्या. वल्ह्यांची नाव मला तरी त्या भोंग्याच्या क्रूझपेक्षा बरी वाटते, बायको-नवऱ्याला एकमेकांचं बोलणं ऐकू तरी येतं. बोट क्लबवरून निघून बोट क्लबलाच परत, एवढाच प्रवास. पण दुपारची सोय इथल्यासारखी कुठेच नाही: श्यामला हिल्सवर मानव संग्रहालय आणि जनजातीय संग्रहालय दोन्ही जवळजवळ, आणि दुसऱ्यात तर चार तास कसे जातात कळत नाही. फक्त सोमवार टाळा, दोन्ही बंद असतात. सासू-सासरे सोबत येणार असतील तर पुढचं वाचूच नका, भोपाळच.

महेश्वरला तलाव नाही, नर्मदा आहे. तरी या यादीत मी ते घालते, कारण ‘या काठावरून त्या काठावर’ ही हौस नव्वदेक किलोमीटरच्या आत इथेच पुरी होते. अहिल्या घाटावरून नाव केली की मधोमध बाणेश्वराचं छोटं देऊळ, आणि पलीकडे नावडाटोली. याच नावडाटोलीत डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकळियांनी 1950च्या दशकात उत्खनन करून ताम्रपाषाणयुगीन वस्ती उजेडात आणली. पाहायला आज तिथे फारसं काही नाही, पण पाण्यावरून मागे वळून बघितलं की किल्ला, घाट, समाधीच्या छत्र्या एका ओळीत दिसतात. तो देखावा किल्ल्यातून कधीच मिळत नाही. नावाड्याशी पैसे ठरवताना ‘फेरी’ ठरवू नका. कुठे कुठे उतरवणार आणि किती वेळ थांबणार, ते ठरवा. नाहीतर बाणेश्वराला वळसा घालून वीस मिनिटांत परत घाटावर.

उकाडा इथेही निमाडचाच. मानपूरच्या पुढचा घाट उतरताच गाडीच्या काचेवर हात ठेवून बघा. घाटाचे दगड दिवे लागले तरी तापलेले असतात, त्यामुळे खरी वेळ पहाटेची, आणि त्यासाठी आदल्या रात्री मुक्काम हवाच. दुपारी किल्ल्यातला अहिल्याबाईंचा वाडा आणि देवघर, मग हातमागावर साड्या. (साडीचा खर्च नावेच्या खर्चात धरू नये, घरात भांडणं होतात.) एक गोष्ट मात्र थट्टेवारी नेऊ नका. वर धरणं आहेत आणि वीजनिर्मितीसाठी पाणी सोडलं की पात्र चढतं. 2005च्या एप्रिलमध्ये नर्मदाकाठच्या धाराजीला भूतडी अमावास्येच्या जत्रेत इंदिरा सागरच्या सोडलेल्या पाण्यात साठहून जास्त माणसं गेली होती. नावाडी ‘आज नको’ म्हणाला तर घासाघीस करू नका, आणि जॅकेटशिवाय चढू नका.

उदयपूर लांब, साडेतीनशे किलोमीटरच्या वर, पण इंदूरहून रात्रीची रेल्वे आहे. हातात तीन दिवस असतील तर माझं मत सरळ याच बाजूला. पिछोला तलावावर सिटी पॅलेसच्या रामेश्वर घाटावरून सुटणारी बोट जगमंदिर बेटावर उतरवते. याच बेटावर बापाविरुद्ध बंड करून आलेल्या खुर्रमला, म्हणजे पुढच्या शाहजहानला, मेवाडने आसरा दिला होता. बेटावर हवं तेवढं रेंगाळून मागून येणाऱ्या बोटीने परतता येतं का, ते तिकीट खिडकीवरच विचारून घ्या. राजवाडा पूर्वेच्या काठावर असल्याने मावळतीचं ऊन थेट त्याच्या भिंतींवर पडतं. म्हणूनच संध्याकाळचं तिकीट दिवसापेक्षा महाग. हा जादा पैसा द्यावा, असं मी म्हणेन. तलावातल्याच लेक पॅलेस हॉटेलमध्ये मात्र पाहुण्यांखेरीज कुणाला उतरू देत नाहीत.

दुसऱ्या दिवशी फतेहसागर तलाव. तिथे बेटावरच्या नेहरू पार्कपर्यंत बोट जाते आणि दुसऱ्या बेटावरची सौर वेधशाळा लांबून दिसते. पिछोला, स्वरूपसागर, फतेहसागर हे तलाव कालव्यांनी जोडलेले आहेत, पण सहलीच्या नावा एकातून दुसऱ्यात जात नाहीत. मधला टप्पा रिक्षाचा. दोन तलाव, दोन बेटं: त्या व्हिडिओतल्या ‘बंदर ते बंदर’ बेताच्या इतकं जवळ आपल्या भागात दुसरं काही येत नाही. खोट एकच: आदल्या वर्षी पाऊस ओढला असेल तर पिछोला मेपर्यंत फार आटतो. तेव्हा आरक्षणाआधी मागच्या पावसाळ्यात तलाव भरले होते का, एवढं हॉटेलवाल्याला विचारा. जूनचा दुसरा आठवडा उजाडण्याआधी जाऊन या, वळवाच्या वादळात बोटी बंद ठेवतात.

गांधीसागरचंही कुणी सुचवेल. चंबळेवरचं 1960 सालचं धरण, पाणी विस्तीर्ण, पण उन्हाळ्यात तिथली अडचण हनुवंतियासारखीच. तिकडे गेलातच तर वाट वाकडी करून भानपुऱ्याला यशवंतराव होळकरांची छत्री बघा, आणि नावेचा विषय काढू नका.

एकच रात्र हातात असेल तर शनिवारी दुपारी चारनंतर महेश्वरकडे निघा. रात्री पोचून नावाड्याशी बोलून ठेवा आणि रविवारी उजाडायच्या आत घाटावर या. आठ वाजेपर्यंत पाण्यावरून उतरलेलं बरं. पोह्यांच्या गाड्या तोवर लागलेल्या असतात.