त्या जाहिरातीत हसतोय तो मीच

परवा लिफ्टमध्ये बी विंगमधले एक गृहस्थ भेटले. म्हणाले, "तुमचा व्हिडिओ बघूनच गाडी तिथे दिली हो मी." माझ्या पोटात गोळाच आला. सिरॅमिक कोटिंग, म्हणजे गाडीच्या रंगावर पातळ, टिकाऊ संरक्षक थर, करणाऱ्या एका दुकानाच्या जाहिरातीत किल्ली हातात नाचवत "काम एक नंबर" म्हणणारा जो माणूस दिसतो, तो मी. आणि माझ्या गाडीवर जे लावलं ते कोटिंग नव्हतंच. म्हणून हे लिहायला बसलोय.

मी पिंपरीतल्या एका कारखान्यात क्वालिटीत आहे. दिवसभर हातात मायक्रोमीटर असतो, पाच मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे पाच हजारांश, कमी-जास्त झाले तर बनवलेला भाग परत पाठवतो. हे आधीच सांगतो, कारण मला गंडवलं ते मायक्रॉननंच.

गाडी सहा वर्षांची, गडद निळी. सोसायटीत गाड्या पुसणारा मुलगा एका बादलीत आणि एकाच फडक्यावर तीसेक गाड्या उरकतो. आधीच्या गाडीची रेती पुढच्या गाडीवर. त्यामुळे उन्हात बघितलं की बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल बारीक ओरखडे. खंडेनवमीला पूजेच्या वेळी गाडी चकाचक दिसावी एवढीच इच्छा होती. दसरा ऑफर होती: 18,500 रुपये, पाच वर्षांची वॉरंटी.

दुकानात आधी खेळ झाला. एका सुट्या बॉनेटवर लायटर धरून दाखवला, रंग जळला नाही. पत्र्यात उष्णता झटकन पसरते, त्यामुळे दोन सेकंद लायटर धरला तर साध्या रंगालाही काही होत नाही. मग मार्करची रेघ ओढून पुसून दाखवली. ती मेण लावलेल्या रंगावरूनही पुसली जाते. मग म्हणाला, "सर, नाइन एच आहे, हिऱ्याच्या खालोखाल." हे नाइन एच पेन्सिलीच्या मोजपट्टीवरचं आहे. शाळेत एचबी पेन्सिल वापरायचो ना, त्याच पट्टीचं कठीण टोक. हिऱ्याचा काही संबंध नाही. हे सगळं मला आता कळतंय, तेव्हा मी मान डोलवत होतो.

आणि मग त्यानं रंगाची जाडी मोजणारा थिकनेस मीटर काढला. काम सुरू व्हायच्या आधी बॉनेटवर लावला: 98. संध्याकाळी गाडी देताना दाराच्या कडेला लावला: 127. "बघा सर, 29 मायक्रॉनचा थर बसला." मी खूश! अहो, खऱ्या कोटिंगचा थर जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा. तसल्या मीटरची स्वतःची चूकच दोन-तीन मायक्रॉनची असते. शिवाय एकाच गाडीत एका पॅनलवरून दुसऱ्यावर गेलं की रंगाच्या जाडीत वीस-तीस मायक्रॉनचा फरक सहज पडतो. दोन वेगळ्या जागांची मापं वजा करून कुणी माझ्या टेबलावर आणली असती तर मी त्याला दारातूनच परत पाठवला असता. तिथे मात्र एसी होता, चहा होता, समोर गाडी आरशासारखी चमकत होती.

सकाळी दहाला दिलेली गाडी सहाला हातात आली, यातच पाणी मुरत होतं. धुणं, क्ले (मातीसारखा मऊ गोळा) फिरवून चिकटलेली घाण काढणं, कंपाउंड आणि पॉलिश करून ओरखडे काढणं, सगळं तेल पुसून मग कोटिंग, मग ते सुकणं. नीट केलं तर दोन दिवस तरी जातात, आणि पुढे आठवडाभर शांपू लावू देत नाहीत. मला सांगितलं, "उद्या धुवा, काही होत नाही."

पावती कच्ची. "जीएसटी पाहिजे तर अठरा टक्के वर." नको म्हणालो. पैसे यूपीआयनं कुणाच्या तरी खासगी नावावर गेले. व्हिडिओ दिला तर पाचशे कमी, म्हणून तोही दिला.

दसऱ्याला झेंडूचा हार घातला, फोटो काढले. परतीच्या पावसात पाण्याचे मोत्यासारखे थेंब घरंगळायचे, मी बायकोला खिडकीत बोलावून दाखवायचो. दिवाळीत गाडी धुतली तेव्हा पाणी बॉनेटवर चादरीसारखं पसरून बसलं. ऊन पडलं तर जाळं परत हजर.

आमच्या गल्लीत एक पेंटरकाका आहेत, आयुष्य डेंटिंग-पेंटिंगमध्ये गेलं. त्यांना गाडी दाखवली. म्हणाले, "मेडिकलमधून स्पिरिट आणा, आणि कागदी टेप." डावं मागचं दार अजून चमकत होतं. त्यांनी दाराच्या मधोमध उभी टेप लावली, स्पिरिटचा बोळा एकाच बाजूवर तीन-चार वेळा फिरवला, टेप काढली आणि मोबाइलचा टॉर्च तिरका धरला. उजवीकडे काच. डावीकडे टॉर्चच्या उजेडाभोवती सगळे ओरखडे, एकूण एक, जसेच्या तसे. बोळ्यावर पांढरट चिकट थर. "ओरखडे काढले नाहीत साहेब, बुजवले. तेलकट ग्लेझ भरलं, वरून मेण." एकदा पक्कं बसलेलं कोटिंग असं स्पिरिटनं निघत नाही.

दुकानात गेलो तर उत्तर तयार. "तुमच्याकडे बोअरचं पाणी आहे, त्यानं गेलं." वॉरंटी कार्ड उलटून बघितलं: दर सहा महिन्यांनी त्यांच्याचकडे 2,500 रुपयांचं मेंटेनन्स केलं तरच वॉरंटी. त्या मेंटेनन्समध्ये रबिंग, म्हणजे रंग घासून चमकवणं. रंगावरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, असतो साधारण 35 ते 50 मायक्रॉन, आणि दर रबिंगला त्यातलाच थोडा थोडा जातो. म्हणजे वॉरंटी टिकवायची तर रंग घालवायचा.

ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार नोंदवली. दुकानदारानं उत्तर म्हणून काय पाठवावं? माझाच हसरा व्हिडिओ. "ग्राहक समाधानी होता." जिल्हा ग्राहक आयोगात मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी लागत नाही. व्हॉट्सअपवरचं बोलणं आणि यूपीआयची नोंद जपून ठेवलीय, तिथे जाणार आहे. पक्कं बिल असतं तर हात दगडाखाली सापडला नसता, हे बायको दिवसाआड ऐकवते.

काकांनी मात्र गाडी स्वतःच धुवायचा, मेण लावायचा नाद लावला. पहिल्याच रविवारी मी भर बारा वाजता तापलेल्या बॉनेटवर मेण फासलं, ते सिमेंटसारखं बसलं. काढता काढता खांदे गेले. आरशाखालच्या काळ्या प्लास्टिकवर पांढरे डाग पडले ते वेगळेच. आता सकाळी सातला, सावलीत. दोन बादल्या, एकीत शांपू, दुसरीत फडकं खळबळायला साधं पाणी. वरून खाली यायचं, चाकं शेवटी, त्यांचं फडकं वेगळं. भांड्याचं लिक्विड बंद, ते मेणही धुऊन नेतं. मग हातात प्लास्टिकची पातळ पिशवी घालून रंगावर बोटं फिरवायची. नुसत्या हाताला गुळगुळीत वाटणारं बॉनेट पिशवीतून रव्यासारखं लागतं. ती खरखर जाईपर्यंत शांपूच्या पाण्यात क्ले. क्ले जमिनीवर पडला की सरळ फेकायचा. त्यानंतर मेण, इतकं पातळ की लावलंय का अशी शंका यावी. एका वेळी एकच पॅनल. धुरकट झालं की कोरड्या मायक्रोफायबरनं पुसायचं. सगळं सामान बावीसशेत आलं. ओरखडे यानं जात नाहीत. चमक दीड-दोन महिने राहते, पावसाळ्यात त्याहून कमी.

बी विंगवाल्यांना काल रात्री खाली पार्किंगमध्ये बोलावलं. टेप आणि स्पिरिट घेऊनच गेलो होतो. त्यांची गाडी काळी, कालच त्या दुकानातून परत आलेली. त्यांनी आधी पावती दाखवली, तीही कच्चीच. मग टॉर्च त्यांनीच धरला, आणि मी टेप काढली.