50 मीटर, 50 हजार आणि साडेचार मिलिमीटरचा छरा

नेमबाजीत लांब पल्ला म्हणजे किती, ते आधी ठरवून घेऊ. यूट्यूबवरचे अमेरिकन हजार यार्डांच्या गप्पा मारतात, त्यांना मारू द्या. गोव्यातल्या डिचोलीत राहणाऱ्या, खाण बंद झाल्यापासून मिळेल ते फिटरकाम करणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला 50 मीटर म्हणजे लांब. त्या अंतरावर एअर रायफलीचा साडेचार मिलिमीटरचा छरा एकामागोमाग एक एकाच जागी बसवायचा म्हटलं तर सगळा जन्म पुरणार नाही.

परवान्याची रायफल घ्यायची तर जिल्हाधिकारी कचेरीत अर्ज, पोलिसांची चौकशी, बंदूक कशाला हवी त्याचा खुलासा, काडतुसांचा हिशेब. आणि हे सगळं पार पडलं तरी निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात नेऊन जमा करा. सत्तरी तालुक्यातल्या बागायतदारांना विचारा, ते जास्त चांगल्या शब्दांत सांगतील. एअर रायफलीचं तसं नाही. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे नळी 4.5 मिलिमीटरची आणि तोंडाशी ऊर्जा 20 ज्यूलच्या आत असेल तर परवाना लागत नाही. दुकानदार ओळखपत्र, पत्ता आणि वयाचा दाखला मागतो, एवढंच. म्हणून माझा सगळा हिशेब या 20 ज्यूलच्या आतला आहे. स्प्रिंग बदलून, व्हॉल्व्ह चाळवून 'पॉवर वाढवून देतो' म्हणणारे भेटतील. त्यांच्या नादी लागलात तर सकाळी खेळणं असलेली वस्तू संध्याकाळी बेकायदा शस्त्र झालेली असते.

50 हजारांत सगळं बसवायचं ठरवलं होतं. रायफल 27, स्कोप 11, हातपंप साडेसात, उरलेल्यात स्कोप बसवायचं माउंट, छरे आणि बारीकसारीक. वेग मोजायचा क्रोनोग्राफ मित्राचा. रायफल देशी बनावटीची, पीसीपी. म्हणजे नळीखालच्या टाकीत आधीच 200 बार दाबाची हवा भरून ठेवायची, चाप ओढला की त्यातली थोडी सुटते. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण माझ्या हातात आलेल्या एका नगावरून सगळ्यांना नावं ठेवणं बरोबर नाही.

स्प्रिंगची का नाही घेतली, असं बरेच जण विचारतात. निम्म्या पैशात मिळते, पंपाची कटकट नाही. खरं आहे. पण स्प्रिंगच्या बंदुकीत पिस्टन पुढे झेपावतो आणि धक्का मागे बसतो, मग पिस्टन आपटला की धक्का उलट, पुढे. छरा अजून नळीत असताना हे सगळं होतं. हात कसा धरला, गाल कुठे टेकला, सगळं छऱ्याच्या वाटेत येतं. साधा स्कोप तर त्या दुहेरी धक्क्याने काही दिवसांत खिळखिळा होतो. 25 मीटरवर डबे पाडायला स्प्रिंग झकास. 50 वर पैसे वाचवायला ती घेतली तर वाचलेले पैसे छऱ्यांवरच जातात.

रायफल खोक्यातून काढली तेव्हा दस्त्याचा रंग, लाकडाचा पोत वगैरे बघायच्या आधी मी कानकोरणीचा कापूस नळीच्या तोंडाशी आतून बाहेर फिरवला. कड गुळगुळीत असेल तर कापूस सरळ निघतो. माझ्या नळीत एका जागी दोन तंतू अडकले. तिथे बुरा, म्हणजे कापताना उरलेला धातूचा कंगोरा, राहिला होता, नखाला लागणार नाही इतका बारीक, पण छरा नळी सोडताना त्याची शेपटी एका बाजूला ढकलायला तेवढा पुरतो. लेथवर बसणाऱ्याला हे पाच मिनिटांचं काम. ज्याच्याकडे लेथ नाही त्याने तिथल्या तिथे दुकानदाराला दाखवावं आणि नग बदलून मागावा. दुसरी गोष्ट: नळी आणि टाकी यांना बांधणारा पट्टा घट्ट होता. टाकीतला दाब उतरतो तशी टाकी किंचित आकसते आणि तो पट्टा नळीला आपल्याबरोबर ओढतो. पट्ट्याला नळीपासून केसाएवढी मोकळीक दिली आणि हळूहळू खाली सरकणारा गट, म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या छऱ्यांच्या भोकांचा घोळका, जागेवर आला. अशा किरकोळ कामाची हौस असेल तर 27 हजारांची रायफल चांगलीच. नसेल तर आणखी पंधरा-वीस हजार घालून नीट जुळवून आलेली घ्या. या रायफलीला पाचात साडेतीन गुण, आणि त्यातला अर्धा चापाला, कारण तो अपेक्षेपेक्षा स्वच्छ सुटतो.

हवेचा दाब एकसारखा ठेवणारा रेग्युलेटर नाही, हे किमतीवरून कळतंच. म्हणजे दर वेळी व्हॉल्व्हमधून सारखी हवा येत नाही. क्रोनोग्राफ लावून बघितलं: 200 बारला 8.44 ग्रेनचा (साधारण 0.55 ग्रॅमचा) छरा सेकंदाला 248 मीटरने जातो, दाब उतरून 165 च्या आसपास आला की 264, आणि 120 ला पुन्हा 250. पूर्ण भरली की ताकद जास्त असं सगळ्यांना वाटतं, पण भरलेल्या टाकीचा दाब व्हॉल्व्हला नीट उघडूच देत नाही. 264 ला ऊर्जा 19 ज्यूल होते, म्हणजे कायद्याच्या आत. पण सेकंदाला 16 मीटरचा हा फरक 50 मीटरवर अडीच-तीन सेंटिमीटर वर-खाली दाखवतो. उपाय फुकटचा आहे: 185 पर्यंतच भरायची, 145 ला थांबायचं. मधले पंचवीस-तीस छरे एकसारखे येतात. गेजवर मी पांढऱ्या रंगाच्या दोन रेघा ओढून ठेवल्यात.

आता पंप. याला पाचात दोन, तेही जीवावर येऊन. 145 वरून 185 करताना शर्ट भिजतो. पण घामाचं दुःख नाही, खरी अडचण पाण्याची आहे. आपल्याकडची हवा दमट, आणि हवा 200 बारपर्यंत दाबली की तिच्यातली वाफ पाणी होऊन बसते. ते पाणी पंपात राहिलं तर बरं, टाकीत गेलं तर आतून गंज. पंपाबरोबर आलेली ओलावा शोषणाऱ्या दाण्यांची नळी फेब्रुवारीत पुरली, जूनमध्ये तिने मान टाकली. थोडे दट्टे मारायचे, खालचा बोल्ट सैल करून फुस्स करून पाणी काढायचं, पंप गार होऊ द्यायचा, पुन्हा मारायचे. घाई केली की पंप तापतो आणि आतले रबरी रिंग जातात.

गोव्यात याला एक पर्याय आहे जो घाटावरच्या लोकांकडे नाही: डायव्हिंगचे सिलिंडर. ग्रँडी आयलंडला पर्यटकांना बुडी मारायला नेणाऱ्यांकडे 200 बारची, गाळलेली, कोरडी हवा असते. माझा भाचा त्या धंद्यात आहे. योग्य जोडणी आणून सिलिंडरवरून रायफल भरली तर घाम नाही, पाणी नाही. पण त्याने हात लावू द्यायच्या आधी दोन गोष्टी बजावल्या, त्या तशाच लिहितो. "मामा, सिलिंडरच्या खांद्यावर चाचणीची तारीख ठोकलेली असते, ती उलटून गेली असेल तर जवळ उभं पण राहू नका. आणि वेल्डिंगवाल्याचा ऑक्सिजन चुकूनसुद्धा लावू नका." दुसरी गोष्ट आम्हा फिटर लोकांना मुद्दाम सांगावी लागते, कारण वर्कशॉपमध्ये ऑक्सिजनचा बाटला समोरच उभा असतो. ऑक्सिजन, दाब आणि तेलाचा एक थेंब एकत्र आले की स्फोट. टाकीच्या रिंगला तेलही सिलिकोनचं, खनिज तेल अजिबात नाही.

स्कोपवर मी मुद्दाम जास्त पैसे घातले आणि त्याचं वाईट वाटत नाही. 4 ते 16 पट मोठं दाखवणारा, पॅरलॅक्स 10 मीटरपासून जुळवता येणारा. हे दुसरं महत्त्वाचं. मोठ्या रायफलींसाठी बनलेल्या बऱ्याच स्कोपचा पॅरलॅक्स 100 यार्डांवर पक्का केलेला असतो. 20 मीटरवर त्यातून बघितलं तर निशाण धुरकट दिसतं आणि डोळा जरा हलला की क्रॉस निशाणावरून सरकतो. काचेची चमक, कोटिंगचा जांभळा रंग वगैरेवर दुकानदार अर्धा तास बोलला, या गोष्टीवर एक शब्द नाही.

स्कोप बसवताना ओळंबा वापरला. गवंड्याचाच, पितळेचा. 25 मीटरवर दोरी लटकवली, रायफल टेकूवर सरळ पकडली आणि स्कोपची उभी रेघ दोरीला लावून माउंटचे स्क्रू थोडे थोडे, आलटून पालटून आवळले. स्कोप आणि नळी पाच अंशांनी वाकडी राहिली तरी 50 मीटरवर छरा दोन सेंटिमीटर बाजूला जातो, आणि माणूस वाऱ्याला शिव्या देत बसतो. त्याच दोरीच्या जागी मग पांढऱ्या कागदावर उभी रेघ मारली. खाली नेम धरून एक गट घेतला, स्कोपचं बटण 5 मिलिरेडियन (एक मिलिरेडियन म्हणजे एका मीटरवर एक मिलिमीटर) वर फिरवलं, नेम तिथेच ठेवून दुसरा गट घेतला. 25 मीटरवर दुसरा गट बरोबर साडेबारा सेंटिमीटर वर हवा. माझा बारा आणि थोडा वर आला, रेघेपासून ढळला नाही. अकरा हजारांच्या स्कोपला हे चांगलंच म्हणायचं. फक्त एक: याच्या काचेतले नेमाचे ठिपके ठरावीक एकाच झूमला खरे असतात, माझ्यात 10 वर. 16 वर नेऊन ठिपक्याने नेम धरलात तर चुकणारच. बॉक्समधल्या कागदावर ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

30 मीटरवर झीरो केलं, म्हणजे नेम तिथेच छरा असं स्कोप जुळवलं, की 10 मीटरवर छरा एक-सव्वा सेंटिमीटर खाली लागतो, 50 वर साडेसात-आठ. खालचा दीड ठिपका धरला की झालं. हे पाठ होतं. पाठ होत नाही तो वारा. ताशी 10 किलोमीटरचा आडवा वारा, म्हणजे काजूची पानं हलतात पण फांदी हलत नाही इतपत, 50 मीटरवर छऱ्याला सात-आठ सेंटिमीटर बाजूला नेतो. आमच्या डोंगरावर उजाडताना सगळं निपचित असतं. दुपारनंतर दर्याकडचं वारं सुटलं की गट बघण्यात अर्थ नाही, वारा वाचायचा सराव मात्र तेव्हाच होतो.

छऱ्यांची कथा लांबवत नाही. पाचशे छऱ्यांचे स्वस्तातले डबे आणि चेक बनावटीचे जेएसबी एक्झॅक्ट, 8.44 ग्रेनचे, 4.52 मिलिमीटर डोक्याचे, एकाच सकाळी एकाच टेकूवरून मारले. स्वस्त छऱ्यांचा पाचांचा गट तळहाताएवढा, जेएसबीचा अडीच-तीन सेंटिमीटर. स्वस्त डब्यातले छरे सोनाराच्या काट्यावर टाकले तर एकाचा एकाशी मेळ नाही, काहींचा घागरा, म्हणजे मागची पोकळ कड, चेपलेला. सपाट तोंडाचे छरे कागदाला सुंदर गोल भोक पाडतात, पण ते 10 मीटरसाठी. 25 च्या पुढे भरकटतात. लांब जायचं तर गोल डोक्याचेच. 50 हजारांत कुठेतरी कात्री लावायची असेल तर दस्त्याला लावा, स्कोपच्या झूमला लावा, छऱ्यांना लावू नका. आणि शिसं आहे, हात धुतल्याशिवाय चहाच्या कपाला हात लावायचा नाही. पोरं जवळ असतील तर डबा उंच कपाटात.

स्वप्निल कुसाळेने पॅरिसला 2024 साली 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक आणलं तेव्हापासून गावातली मुलं विचारतात, तीच का ही रायफल? नव्हे. ती पॉइंट 22 ची, काडतुसाची. तिच्या निशाणाचा दहाचा गोल 10.4 मिलिमीटरचा, आणि तो माणूस उभा राहून, गुडघ्यावर बसून आणि पडून, असा तिन्ही तऱ्हांनी त्यावर नेम धरतो. मी पिशवीवर रायफल टेकून अडीच सेंटिमीटर करतो आणि खुशीत घरी जातो.

मोठी माणसं वेगळंच विचारतात. "भाऊ, माकडांना चालते काय रे ही?" नारळ, केळी, काजू, काही म्हणून ठेवत नाहीत, त्यांचा त्रास मलाही आहे. पण 1972 चा वन्यजीव कायदा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी 20 ज्यूलचा छरा माकडाला मारत नाही, जखमी करून आठवडाभर कुजवतो. असं विचारणाऱ्याला मी रायफल हातातसुद्धा देत नाही.

जागा मात्र नीट बघा. छरा कित्येकशे मीटर जातो. माझ्या भाटात (बागायतीत) मागे मातीचा उंच बांध आहे, त्याच्यापुढे पत्र्याची पेटी, आत घट्ट मळलेली चिकणमाती. छरा मातीत रुततो, उडून परत येत नाही, आणि महिन्याकाठी शिसं वेचून काढता येतं. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतीवर थेट मारू नका. चिरा मऊ वाटतो, पण त्यातला लोखंडी खडा छऱ्याला कुठल्याही दिशेने परत पाठवतो.

पावसाळ्यात रायफल फोमच्या पेटीत बंद करून ठेवायची नाही. फोम ओल धरतो आणि गणपतीला पेटी उघडाल तर नळीवर तांबूस ठिपके. मी ती कपाटात उभी, मोकळी ठेवतो, बाहेरून तेलाचा हात फिरवून, टाकीत शंभरेक बार हवा ठेवून, म्हणजे रिंग बसून राहतात. छरा अर्थात आत नाही, चाप कुलूपबंद. नळीच्या आत तेल घालू नये. घातलंच तर कोरडा कापूस ओढून काढल्यावरही पहिले दहा-बारा छरे गटात धरू नका.