वॅक्स, सीलंट का सिरॅमिक? घरच्या घरी गाडी चमकवायची तर काय घ्यायचं

साडूनं मागच्या दिवाळीत काळी गाडी घेतली तेव्हाच म्हटलं होतं की बाबा नाशकात काळा रंग नको, पण घरात आपलं ऐकतं कोण. सहा महिन्यांत उन्हात उभी केली की बोनटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल चरे दिसायला लागले आणि मग रोज फोन, वॅक्स घेऊ का सिरॅमिक, हातानं होईल का मशीन मागवू. त्याला चार वेळा जे सांगितलं तेच एकदा नीट लिहून काढतो.

आधी माझं. माझी ग्रे हॅचबॅक सात वर्षांची, इंदिरानगरला उघड्या पार्किंगमधे असते, वर पत्रा नाही, झाडही नाही. गेल्या एप्रिलमधे मी बोनटच्या मधोमध मास्किंग टेप लावून दोन भाग केले, डाव्या बाजूला डब्यातलं कार्नोबा वॅक्स आणि उजवीकडे बाटलीतलं सिंथेटिक सीलंट, म्हणजे वॅक्सचंच काम करणारं पण कारखान्यात बनवलेलं रसायन. कार्नोबा म्हणजे ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानावरचं मेण. पहिले आठ दिवस डावी बाजू खरंच छान दिसत होती, जरा ओलसर, खोल अशी चमक, उजवी बाजू त्यामानानं काचेसारखी कोरडी. बायकोला विचारलं तर तिला काहीच फरक दिसला नाही, ते सोडा. पांढऱ्या किंवा सिल्व्हर गाडीवर तर मलाही दिसला नसता, म्हणून तुमची गाडी पांढरी असेल तर चमकेसाठी कार्नोबाच्या मागे लागू नका.

खरा निकाल पावसानं दिला. पाण्याचे मणी होतात तोवर लावलेला थर शाबूत आहे असं समजायचं. जूनच्या पहिल्या सरीत दोन्हीकडे टपोरे मणी, पण महिना संपेपर्यंत डावीकडचं पाणी सुस्तावलं, मणी होईनात, नुसतं पसरून बसायचं. उजवीकडे गणपतीपर्यंत मणी होत होते. कार्नोबा साधारण दीडदोन महिने चालतं, उघड्यावर त्याहून कमी, सीलंट चारपाच महिने सहज काढतं. दोन्ही लावायला सारखीच मेहनत आहे, फोमच्या गोल पॅडनं पातळ लावायचं, धुकट झालं की पुसायचं, मग मी दुप्पट टिकणारं का नको घेऊ? ज्याला रविवारी सकाळी चहा घेऊन गाडीशी खेळायला आवडतं त्यानं वॅक्स घ्यावं, बाकीच्यांनी सीलंट.

सिरॅमिक म्हणजे रंगावर घट्ट बसून कडक होणारं कोटिंग. त्यात दोन प्रकार आहेत आणि लोक इथंच फसतात. एक स्प्रे, तो गाडी धुतल्यावर मारून पुसायचा, सोपा, काही महिने टिकतो, त्यात बिघडण्यासारखं फार नाही. दुसरी ती छोटी बाटली, ३० किंवा ५० मिलीची, वर्षं टिकणारी म्हणतात ती. ती टिकते, नाही असं नाही, पण लावल्यावर मिनिट दोन मिनिटांत पुसली नाही तर तिथं ठिगळासारखा गडद डाग बसतो आणि तो परत पॉलिश करूनच निघतो. वरून पहिला एक दिवस तरी पाणी लागायला नको, दवसुद्धा नको. आता सिंहस्थासाठी अर्धं शहर खणून ठेवलंय, उघड्या पार्किंगमधे वारा सुटला की पाच मिनिटांत बोनटवर बोटानं नाव लिहिता येतं, त्यात ही बाटली उघडायची म्हणजे धूळ कायमची आत कोंडायची. बंद गॅरेज असेल तर करा. आणि खाली चरे असतील तर तेही तसेच कोंडले जातात, कोटिंगनं चरे जात नाहीत, हे साडूला अजून पटलेलं नाही.

चरे जायला पॉलिशच लागतं. रंगावरचा जो पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट, तो बहुतेक गाड्यांवर ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षा पातळ. पॉलिश म्हणजे तोच थर किंचित घासून सपाट करणं, म्हणून जे काढलं ते गेलं, परत येत नाही. नख फिरवून बघा, नख अडकलं तर चरा खोल आहे, त्याच्या नादी लागू नका.

हातानं केलं तर बारीक चरे कमी होतात, पूर्ण जात नाहीत, आणि एका दरवाज्याला वीस मिनिटं घासून खांदा भरून येतो. काही पॉलिशमधे तेलकट भरण असतं, त्या दिवशी सगळं गुळगुळीत दिसतं आणि दोनतीन वॉशनंतर चरे हजर. घरातल्या ड्रिलला लोकरीचं पॅड लावून करणारे महाभाग पण आहेत, ते करू नका. ड्रिल एकाच जागी गरगर फिरतं, उष्णता साठते आणि दरवाज्याच्या कडेला, जिथं रंग आधीच पातळ, तिथं रंगाखालचा थर, प्रायमर, दिसायला लागतो. साडूच्या आधीच्या गाडीला एका दुकानात रोटरी मशीननं, जे ड्रिलसारखंच नुसतं गरगर फिरतं, असंच केलं होतं, डिकीच्या कडेला करंगळीएवढा पांढरा ओरखडा कायमचा. घरी मशीन घ्यायचंच तर ड्युअल अ‍ॅक्शन घ्या, ते फिरतं आणि हलतं पण, एका जागी तापत नाही, नवख्याच्या हातात तेच बरं. पण एका गाडीसाठी आणि वर्षातून एकदा वापरण्यासाठी पाच सात हजार घालण्यापेक्षा मी तरी कुणाचं तरी मागून आणेन, मी तेच केलं.

काहीही लावा, आधी गाडी किती स्वच्छ आहे ते बघा. धुतलेल्या बोनटवर हाताला पातळ प्लास्टिकची पिशवी घालून फिरवा, नुसत्या हाताला गुळगुळीत लागतं ते पिशवीतून वाळूच्या कागदासारखं खरखरीत लागेल. ही चिकटलेली घाण क्ले बारनं, म्हणजे मळलेल्या मातीसारख्या मऊ चिकट वडीनं काढायची, भरपूर शॅम्पूचं पाणी मारत, आणि क्ले जमिनीवर पडला तर कचऱ्यात, मनाला लागलं तरी. जुनं वॅक्स उतरवायचं असेल तर एकदा भांड्यांचं लिक्विड चालेल, पण दर आठवड्याला त्यानंच धुतलं तर लावलेलं सगळं धुऊन जाणार.

पाण्याचं पण बघा. आमच्याकडे बोअरचं पाणी जड आहे, उन्हात वाळलं की पांढरे गोल डाग, ते सीलंटवरही पडतात. म्हणून शेवटची बादली नळाची आणि लगेच पुसणं. कबुतराची शीट मे महिन्यात दोन दिवस राहिली तर कोणतंच कोटिंग वाचवत नाही, ओला टिश्यू दहा मिनिटं ठेवायचा आणि उचलायचा, घासायचं नाही.

तर साडूला मी सांगितलं ते असं. आधी मशीन मागून आण, एकदाच हलकं पॉलिश कर, वर सीलंट, एकदा मेच्या शेवटी आणि एकदा दिवाळीच्या आसपास. बाटलीवालं सिरॅमिक त्यानं आधीच मागवून ठेवलंय, ते अजून कपाटात आहे.

आणि चरे आले कुठून ते पण कळलं. त्यांच्या सोसायटीत एक पोरगा सकाळी सहाला एका बादलीत, एकाच फडक्यानं चौदा गाड्या पुसतो, तिसऱ्या गाडीपर्यंत ते पाणी चहासारखं होतं, आणि साडूची गाडी अकरावी. पोराचा महिना बंद करायचा तर वाईट वाटतं, म्हणून साडू आता त्याला तेवढेच पैसे गाडीला हात न लावण्याचे देतो.