पेन टॅब्लेट चांगला, पण त्याच्या सॉकेटने डोकं उठवलं

ऑनलाइन गणित शिकवायला जुलैत घेतलेला छोटा पेन टॅब्लेट, म्हणजे लॅपटॉपला जोडून पेनने लिहायची पाटी, फेब्रुवारीत बंद पडला. पेन धड, पाटी धड. केबल खोचायचं मायक्रो-यूएसबी सॉकेट तेवढं हललं. केबल जराशी वाकडी झाली की लॅपटॉप टिंग करायचा आणि गणित अर्ध्यात थांबायचं. अडीच हजारांच्या वस्तूत कंपनीने नेमकी याच भागावर काटकसर करावी, याची मला खरंच चीड आहे. स्वस्तातल्या मोबाइललाही आता टाइप-सी असतं. इथे मात्र रोज काढ-घाल होणारी पिन सगळ्यात नाजूक.

नागपूरच्या सर्व्हिस सेंटरने वस्तू न बघताच फोनवर निकाल दिला: फिजिकल डॅमेज, वॉरंटीत बसत नाही, बोर्ड बदलायचे चौदाशे, कुरिअरचा खर्च तुमचा. सॉकेट वापरून सैल झालं तर त्याला डॅमेज कसं म्हणायचं? मेल केले, उत्तर तेच. शेवटी तालुक्याच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याने भिंगाखाली जुनं सॉकेट उचकटलं, नवं बसवून डाग दिला आणि दीडशे रुपये घेतले. तेव्हापासून व्यवस्थित चालू आहे.

आता वापराचं. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या शाळेची आठवीची मुलं आजूबाजूच्या गावांतून एसटीने येतात, त्यामुळे जादा तास शाळेत घेता येत नाही. एनएमएमएस या आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी म्हणून संध्याकाळी सातला गुगल मीटवर घेतो. यादीत नाव लागलं तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. आमच्याकडच्या घरांत ती रक्कम लहान नाही. मीटचा फुकटचा ग्रुप कॉल 60 मिनिटांचा असतो, तेवढा तासाला पुरतो.

आधी वहीवर स्टँडने मोबाइल लटकवून शिकवायचो. हाताची सावली पडायची आणि रेंज गेली की अक्षरांचा चिखल व्हायचा. टॅब्लेटने पडद्यावरच्या पांढऱ्या पाटीवर जाड काळी रेघ ओढली की कमी रेंजलाही वाचता येते, कारण पडद्यावर हलणारं फारसं काही नसतं आणि डेटाही कमी जातो. एका पानावर चार-पाच ओळीच लिहा. मुलांच्या हातात वडिलांचा मोबाइल असतो, तोही बऱ्याचदा तडा गेलेला. वेचणीच्या दिवसांत एक मुलगी दिवसभर कापूस वेचून तासाला बसायची. ती म्हणाली, "सर, आवाज तुटून राहिला, पण लिहिलेलं दिसून राहिलं, समजते." पैसे तिथेच वसूल झाले.

पडद्यावरच्या पाटीसाठी ओपनबोर्ड हे सॉफ्टवेअर वापरतो. गुगलचा ऑनलाइन फळा, जॅमबोर्ड, 2024 संपता संपता बंद झाला, त्यामुळे तो विषय संपला. ओपनबोर्ड फुकट आहे, इंटरनेट नसतानाही चालतो, त्यात पट्टी, कोनमापक, कंपास आहे. तास संपला की पानांची पीडीएफ काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो. वीज गेली म्हणून राहिलेली मुलं त्यावरून वहीत उतरवतात.

पेनला सेल नाही, चार्जिंग नाही, हे लोडशेडिंगच्या गावात फार मोठं सुख. निबबद्दल, म्हणजे पेनच्या टोकाबद्दल, माझं मत मात्र बदललं. पहिल्या महिन्यात ती झिजताना बघून मी दोनच तारे दिले होते. पाटीवर पातळ प्लास्टिकचा कागद चिकटवल्यापासून झीज खूपच कमी झाली, म्हणून ते तारे वाढवून चार केले आहेत. पाचवा सॉकेटपायी कापला, तो परत देणार नाही.

हात बसायला वेळ लागतो. नजर पडद्यावर आणि हात खाली, पहिले काही दिवस वर्गमूळाचं चिन्हसुद्धा तिरपं येतं. वैतागून परत करू नका, पंधरवड्यात जमतं.

घेणार असाल तर जाहिरातीतले 8192 प्रेशर लेव्हल (पेन किती दाबलं ते ओळखायच्या पायऱ्या) बाजूला ठेवा, बेरीज-वजाबाकीला त्यांचं काही काम नाही. खोक्यावर टाइप-सी लिहिलंय का ते बघा. तीन-चारशे जास्त पडले तरी तोच घ्या. जुना मायक्रो-यूएसबीवाला आधीच घरात असेल तर केबल टॅब्लेटच्या मागे चिकटपट्टीने पक्की करून टाका आणि पिन काढायची ती लॅपटॉपच्या बाजूने काढा.