दोन्ही चाव्या मीच त्याच्या हातात दिल्या

आमचं गाव वरुड तालुक्यात. घरी संत्र्याचा बगीचा आहे आणि टिनाच्या शेडमध्ये एक लाल ऑडी टीटी उभी असते. चार वर्षांच्या बहाराचा पैसा साचवून ही 2015 ची गाडी मी नागपूरहून सेकंडहँड घेतली. बसकी, दोन दरवाज्यांची. पांदण रस्त्यावर तिचं पोट घासायचं म्हणून डांबरी सडकेपर्यंत स्वतःच्या पैशानं मुरूम टाकला. कंपनीनं 2023 मध्ये टीटी बनवणंच बंद केलं, त्यामुळे ही गेली तर पुन्हा अशी मिळणं कठीण. मध्य प्रदेशची हद्द आमच्यापासून फार लांब नाही. रात्री गाडी पांढुर्ण्याकडे निघाली तर सकाळी आपण नुसता पंचनामा करत बसायचं, ही धास्ती मला पहिल्या दिवसापासून होती.

त्याच धास्तीचा फायदा एकानं घेतला.

सप्टेंबरमध्ये ओळखीतल्या एका माणसासोबत तो घरी आला. गाड्यांना ट्रॅकर, सायरन, इंजिन लॉक बसवून देतो म्हणाला. बोलणं आपल्याच भागातलं, अदबीचं. "दादा, एवढी महागाची गाडी अन् तुम्ही अशी ठेवून राह्यले? आता चोराले काच फोडाची गरज नाही. चावी तुमच्या उशाशी असली तरी गाडी चालू करतेत."

हे खोटं नव्हतं, म्हणूनच मी फसलो. बटणानं चालू होणारी गाडी आणि तिची चावी आपसात बारीक सिग्नल देत-घेत असतात. एक चोर यंत्र घेऊन घराच्या भिंतीजवळ उभा राहतो, दुसरा गाडीजवळ. चावीचा सिग्नल वाढवून गाडीपर्यंत नेला, की मालक चावी घेऊन शेजारीच उभा आहे असं गाडीला वाटतं. हे सगळं त्यानं मला अगदी नीट समजावलं. विम्याच्या हप्त्यात तीस टक्के सूट मिळेल असंही सांगितलं. सूट एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेची मान्यता असलेल्या यंत्रालाच मिळते, आणि तीही किरकोळ असते, हे मला नंतर विमा एजंटकडून कळलं. ठरले बेचाळीस हजार. मी रोख दिले. पावती मिळाली ती साध्या बिलबुकातली, जीएसटी नंबर नसलेली.

बसवायच्या दिवशी तो म्हणाला, "दोन्ही चाव्या आणा दादा, दोन्ही सिस्टीमले जोडा लागते." मी कपाटातली दुसरी चावीही काढून दिली. मायनं चहा ठेवला होता, तर म्हणाला, "आता गाडीजवळ कोणी येऊ नका, प्रोग्रॅमिंग बिघडते." मी कोठ्यात गाईला कुटार टाकत होतो. तिथून दिसत होतं, स्टिअरिंगच्या खालच्या सॉकेटात त्यानं वायर लावली होती आणि लॅपटॉप मांडीवर होता. दोन तास तो एकटा होता. शेवटी माझ्या फोनमध्ये अॅप टाकून दिलं, पण खातं स्वतःच्या नंबरवर उघडलं. "सर्व्हिसले सोपं पडते," म्हणाला. मी मान डोलावली.

नोव्हेंबरमध्ये आंबिया बहाराची तोड चालू होती. एका रात्री आम्ही सगळे लग्नाला मोर्शीला गेलो. संत्र्याचे कॅरेट भरलेली ट्रॉली सकाळी मंडीत न्यायची होती, म्हणून सालदारानं ट्रॅक्टर-ट्रॉली शेडच्या तोंडाशीच आडवी लावली आणि रोजच्या सवयीनं बॅटरीची एक वायर काढून तो झोपायला गेला. सकाळी सहाला त्याचा फोन. "भाऊ, गाडीचं दार उघडं हाय. रात्री तुम्ही आल्ते काय?"

येऊन पाहतो तर शेडचं कुलूप कापून मातीत टाकलेलं. गाडीची एकही काच फुटलेली नाही. सायरनची वायर तोडलेली. गाडी तिच्या जागेवरून चार हात पुढे आलेली, आणि बंपर ट्रॉलीच्या चाकापासून एवढ्या जवळ की मध्ये माझा पंजाही जाईना. म्हणजे इंजिन चालू झालं होतं, गाडी निघालीही होती. भरलेली ट्रॉली त्यांना हलवता आली नाही, म्हणून ती वाचली. अॅप उघडलं तर हिरवा ठिपका. रात्रीचा एकही अलर्ट नाही. खातं त्याच्या नंबरवर, अलर्ट बंद करणं त्याच्याच हातात, आणि गाडी कधी घरी असते, कधी बाहेर, हे दोन महिने तो बसल्या जागी पाहत होता.

गाडी नागपूरला नेली. मेकॅनिकनं कॉम्प्युटर लावला आणि मला विचारलं, "चाव्या किती आहेत तुमच्याकडे?" मी म्हटलं दोन. त्यानं स्क्रीन माझ्याकडे वळवली. गाडीत तीन चाव्या नोंदलेल्या होत्या. अशा गाड्यांत नवी चावी नोंदवताना जुन्या चाव्याही हजर लागतात, नाहीतर त्या बंद पडतात आणि मालकाला लगेच कळतं. त्यासाठीच त्याला दोन्ही हव्या होत्या. ते ऐकून माझे हातपाय गार पडले. गाडी गेली असती तर विमा कंपनीनं आधी दोन्ही मूळ चाव्या मागितल्या असत्या, मी त्या दिल्याही असत्या, आणि वर काच शाबूत, मग चोरी झालीच कशी, याचं उत्तर मलाच देत बसावं लागलं असतं.

ठाण्यात तक्रार दिली. फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेचं 318(4) आहे. ठाणेदारांनी पावती, अॅपचे फोटो आणि ते यंत्र जमा करून घेतलं. त्याचा फोन त्या रात्रीपासून बंद आहे.

ज्यांच्याकडे जपलेली गाडी आहे त्यांना हात जोडून सांगतो, ट्रॅकर जरूर बसवा, पण सिमकार्ड आणि खातं स्वतःच्या नंबरवर घ्या, पासवर्ड स्वतः टाका. काम चालू असताना गाडीजवळून हलू नका, कोणी कितीही सांगो. दुसरी चावी घराबाहेर काढायचीच नाही. आणि ज्यांनी बाहेरच्या माणसाकडून असं काही करून घेतलं आहे, त्यांनी आजच्या आज सर्व्हिस सेंटरला जाऊन नोंदलेल्या चाव्या मोजून घ्या. माझ्या गाडीतल्या सगळ्या चाव्या पुसून माझ्या दोनच पुन्हा नोंदवल्या. त्या आता झाकणाच्या स्टीलच्या डब्यात असतात. डबा हातात धरून गाडीजवळ उभा राहिलो, दार उघडलं नाही, तेव्हाच तो डबा चालेल असं ठरवलं. प्रत्येक डबा सिग्नल अडवतोच असं नाही, करून बघा. ट्रॅक्टर अजूनही रोज रात्री शेडसमोर आडवाच लागतो.

त्यानं आमच्या भागात आणखी काही गाड्यांचं काम केलं होतं. ज्यांची नावं कळली त्यांना मी एकेकाला फोन केले. शेजारच्या गावातल्या एका बागायतदाराला माझं बोलणं पटलं नव्हतं, तो माणूस त्याच्या चांगल्या ओळखीचा. तरी मागच्या आठवड्यात तो अमरावतीला गाडी दाखवायला गेला. तिथूनच त्याचा फोन आला. "भाऊ," म्हणाला, "इथंबी तीनच दाखवून राह्यलं."