फिल्टर बदलताना: जुना सोबत चालू ठेवावा, की त्याचा स्पंज नव्यात टाकावा?

माशांच्या टाकीसाठी नवा फिल्टर घरी आला की हात शिवशिवतात. जुना काढायचा, नवा लावायचा, अर्ध्या तासाचं काम. मासे त्या दिवशी मजेत असतात, दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते वर येऊन तोंड उघडमीट करायला लागतात आणि आपण नव्या फिल्टरच्या नावाने खडे फोडतो.

त्या बिचाऱ्याचा काही दोष नसतो. माशांच्या कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया सुटतो. जिवाणूंचा एक गट त्याचं नायट्राइट करतो, दुसरा गट नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही विषारी, तिसरं बरंच सौम्य. हे जिवाणू पाण्यात तरंगत फारसे नसतात. स्पंज, सिरॅमिक रिंगा, खडी, मिळेल त्या पृष्ठभागाला चिकटून राहतात. जुना फिल्टर टाकून दिला की त्यांची मोठी वस्ती गेली, आणि कोऱ्या फिल्टरमध्ये ती शून्यापासून उभी राहायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात.

ती वस्ती नव्या घरात न्यायचे खरे मार्ग दोनच.

पहिला, दोन्ही फिल्टर एकाच टाकीत महिना-दीड महिना चालवायचे. याला काहीच कौशल्य लागत नाही, हेच याचं मोठेपण. वीजबिलाची काळजी नको. 10 वॅटचा पंप महिनाभर रात्रंदिवस चालला तरी 7 युनिटांच्या आसपास जातात. अडचण जागेची असते, झाकणात दोन पाइप मावत नाहीत, आणि फायटर किंवा फुगीर गोल्डफिशसारख्या संथ माशांना दोन पंपांचा प्रवाह सोसत नाही. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. जुना फिल्टर बहुतेक अमोनिया आधीच खाऊन टाकतो, त्यामुळे नव्यातली वस्ती उपाशीपोटी, सावकाश वाढते. पंधरा दिवसांत जुना काढणाऱ्यांची फसगत इथेच होते.

दुसरा मार्ग, जुन्या फिल्टरमधला स्पंज आणि रिंगा उचलून सरळ नव्यात भरायच्या. काम त्याच दिवशी संपतं. जुन्याची मोटर जळली असेल तर हाच मार्ग उरतो. स्पंज मापात बसत नसेल तर कात्रीने कापा. रिंगा कांद्या-बटाट्याच्या जाळीत बांधून कॅनिस्टरच्या, म्हणजे टाकीबाहेर ठेवायच्या बंद डब्याच्या फिल्टरच्या, ट्रेमध्ये ठेवा, पण पाणी त्यातून वाहायला हवं, बाजूने निसटायला नको.

याला लोक विरजण म्हणतात. मला ती उपमा आवडते आणि तिनेच घात होतो. दह्याचे जिवाणू तासाभराच्या आत दुप्पट होतात, म्हणून चमचाभर विरजण रात्रीत भांडंभर दूध लावतं. अमोनिया खाणाऱ्यांना दुप्पट व्हायला एकेक दिवस लागतो, कधी जास्तही. इथे चमचा चालत नाही, अख्खं भांडंच ओतावं लागतं. जुना स्पंज नव्या फिल्टरवर नुसता पिळून घेणं म्हणजे तो चमचा. नव्यासोबत जुनाही चालू असेल तर पिळा, फायदाच आहे, पण तेवढ्या भरवशावर जुना काढू नका.

या दुसऱ्या मार्गात चुकायला जागा भरपूर. माझी चूक सांगते. आमच्या इंदूरने 2017 पासून सलग कित्येक वर्षं स्वच्छतेत देशात पहिला नंबर काढला, त्या गावात काळाकुट्ट, बुळबुळीत स्पंज नव्या कोऱ्या फिल्टरमध्ये घालायला हात धजेना. नळाला नर्मदेचं पाणी यायचा दिवस होता. नळाखाली धरून धरून स्पंज पिवळाधमक होईपर्यंत धुतला. नर्मदाकाठच्या जलूदहून 70 किलोमीटर चढून येणारं ते पाणी आपल्याला पिता यावं म्हणून क्लोरीन घालून येतं, आणि क्लोरीनला चांगले-वाईट जिवाणू कळत नाहीत. आठवड्यात चार टेट्रा मासे गेले. आता टाकीतलंच पाणी बादलीत काढून त्यात स्पंज दोन-तीनदा दाबते, बस.

दुसरा धोका बंद पाण्याचा. या जिवाणूंना सतत ऑक्सिजन लागतो. पाइप जोडता जोडता स्पंज कोरडा पडला, किंवा बंद कॅनिस्टरमध्ये वीज नसताना काही तास तसाच राहिला, की वस्ती गुदमरते आणि डबा उघडला की सडका वास येतो. काम लांबणार असेल तर सगळं टाकीच्या पाण्याच्या बादलीत ठेवून एअर स्टोन, म्हणजे हवेचे बुडबुडे सोडणारा दगड, सोडा.

बाटलीतल्या जिवाणूंबद्दल थोडक्यात: काही बाटल्या काम करतात, पण मे महिन्यात दुकानाच्या काचेत तापलेल्या बाटलीत काय जिवंत असेल याची खात्री कोण देणार? जोडीला घाला, त्यावर विसंबू नका.

आता निवड. जुना चालतोय, जागा आहे, तर दोन्ही सोबत चालवा, आणि 5-6 आठवड्यांनी जुना काढताना त्याचाही स्पंज नव्यात टाका. मी आता असंच करते, कारण यात पहिल्या मार्गाची निश्चिंती आहे आणि शेवटी राहणारी कसरही भरून निघते. जुना बंद पडलाय किंवा टाकी दोन फुटांहून लहान आहे, तर थेट स्पंज हलवा. गोल्डफिशवाल्यांनी मात्र घाई करूच नये, तो मासा घाण फार करतो.

बोअरचं पाणी वापरणाऱ्यांनीही जपून. आमच्या बोअरचा पीएच 8 निघतो. पीएच 7 ला, 25 अंशांवर, एकूण अमोनियातला विषारी भाग शेकडा 1 हून कमी असतो, 8 ला तो शेकडा 5 च्या आसपास जातो. पाणी तापलं की आणखी वाढतो. म्हणजे एकच चूक पीएच 7 च्या पाण्यात कदाचित निभावते, आमच्या बोअरच्या पाण्यात अंगाशी येते. त्यात उन्हाळ्यात पाण्यात ऑक्सिजनही कमी मावतो आणि पावसाळ्यात वीज केव्हा जाईल सांगता येत नाही, म्हणून हे काम मी दसरा-दिवाळीच्या सुमारास काढते.

कुठल्याही मार्गाने गेलात तरी पहिला आठवडा खाणं निम्म्यावर आणा, खडी उपसू नका आणि टेस्ट किटने अमोनिया-नायट्राइट रोज बघा. शून्याच्या वर काही दिसलं तर पाव टाकी पाणी बदला, नळाचं असेल तर अँटी-क्लोरीन घालून.

शिवाय टाकीच्या कोपऱ्यात एअर पंपावर एक छोटा स्पंज फिल्टर कायम बुडबुडत ठेवते. परवा सुदामा नगरच्या भाच्याच्या फिल्टरची मोटर गेली, तेव्हा तो स्पंज टाकीच्याच पाण्यात, पिशवीत अर्धी हवा ठेवून, स्कूटरला लटकवून घेऊन गेला. रात्री फोन आला, "मावशी, धुवायचा नाही ना?"