बुरशीसाठी नागपूरची कंपनी की गावचा मिस्त्री?

झड लागली की भंडारा-गोंदियाकडच्या घरांत बहुधा मागची खोलीच काळी पडते, जिच्या भिंतीपलीकडे धानाची बांधी असते नाहीतर न्हाणीचं पाणी. आमच्या घरी दोन्ही उपाय करून झाले. आधी नागपूरहून बुरशी तपासून काढणारी कंपनी बोलावली, पुढे गावच्या मिस्त्रीनं काम केलं.

कंपनीचं काम टापटीप, यात शंका नाही. दाराला प्लास्टिक लावतात, खरवडलेली भुकटी हेपा फिल्टरच्या, म्हणजे अगदी बारीक कणही अडवणाऱ्या गाळणीच्या मशीननं ओढून घेतात. मिस्त्री कोरडीच भिंत घासायला घेतो. आधी पाणी मार, असं त्याला सांगावं लागतं. ब्लीचिंग पावडर आणि अ‍ॅसिड एकत्र करू नको, हेही बजावावं लागतं, कारण त्यातून विषारी वायू निघतो. घरात दम्याचं माणूस असेल आणि तुम्ही कंपनीलाच बोलावलं, तर मी अडवणार नाही.

तपासणीबद्दल मात्र मन वळत नाही. अहवालात अ‍ॅस्परजिलस, क्लॅडोस्पोरियम अशी बुरशीच्या प्रकारांची नावं आणि आकडे येतात, पण कितीच्या वर धोका, याची सर्वमान्य मर्यादा नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ च्या मार्गदर्शिकेतही ती ठरवली नाही. ओल आणि बुरशी काढा, हाच तिचा सांगावा. भिंतीवर बुरशी डोळ्यांना दिसत असेल तर नमुना घ्यायची सहसा गरज नसते, असं अमेरिकेची पर्यावरण संस्थाही म्हणते. काही दिसत नाही आणि कुबट वास मात्र जात नाही, अशा घरात ओल मोजणारं यंत्र कामाला येईल.

मला खरं खटकलं ते हमीपत्र. रसायन मारलेल्या भिंतीची हमी होती, पण खाली एक ओळ होती: जमिनीतून किंवा छतातून आलेल्या ओलीला ही हमी लागू नाही. आमच्या भागात बुरशी दुसरी येते कुठून? जुन्या जोत्यांना डीपीसी, म्हणजे जमिनीतली ओल वर चढू न देणारा थर, नाही. इथली काळी, चिकट कन्हार माती पावसाळाभर पाणी धरून ठेवते, विटा ते वर ओढतात, त्यासोबत क्षार येतात, लोणा लागतो, पुट्टी फुगून सुटते. पुढच्या झडीत पलंगामागे तेच ठिपके परत दिसले. फोन केला तर तीच ओळ वाचून दाखवली. कागदावर त्यांचं बरोबर होतं, पण पैसे मी त्या ओलीसाठीच मोजले होते.

मिस्त्री घरात शिरण्याआधी बाहेरून फिरला. पन्हाळीचं पाणी जोत्यावरच पडत होतं, ते लांब सोडलं. भिंतीलगत मुरूम टाकून बाहेरच्या बाजूला उतार दिला. आतलं सिमेंटचं प्लास्टर ओल चढली होती तिच्याही वरपर्यंत काढलं आणि भिंत वाळल्यावर चुन्याचा गिलावा केला. चुन्यातून ओल बाहेर पडते आणि त्याच्या क्षारीपणामुळे बुरशी सहजी धरत नाही. तळाशी थोडी ओल अजून येते, पण काळं नाही. धानाची पोती आता भिंतीपासून हातभर सोडून ठेवतो, त्याचाही वाटा असेल.

मिस्त्रीची अडचण एकच, रोवणीत तो मिळत नाही. धानाची कापणी आटोपली की त्याला गाठा, प्लास्टर काढून भिंत उन्हाळ्यात उघडी राहू द्या आणि मृगाच्या आधी गिलावा उरकून घ्या.